मशीन नंतर घ्या, आधी मखर बसवा!

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता मी हरिहरेश्वरच्या आमच्या घराच्या पडवीत बसून कानशीने एमडीएफच्या खाचा घासत होते. बाहेर धो धो पाऊस. आजी दर दहा मिनिटांनी येऊन एकच विचारत होती, "अगो, देव सकाळी यायचा, मखर कधी उभं राहायचं?"

मखर मीच डिझाइन केलेलं, लेझरने कापून आणलेलं. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही. नुसती खाचेत खाच अडकवायची आणि विसर्जन झालं की सोडवून माळ्यावर ठेवायचं, अशी माझी भारी आयडिया. मे महिन्यात पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत, तेच मखर पाच मिनिटांत उभं राहिलं होतं. मी रीलसुद्धा टाकली होती. आणि आता एक खाच बसेल तर शपथ!

चूक मशीनची नव्हती, कापून देणाऱ्याचीही नव्हती. चूक माझी. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेला फळा. तो हवेतलं पाणी पितो आणि फुगतो. पुण्यातल्या मे महिन्यात ३ मिलिमीटर भरलेला फळा आमच्या पडवीत श्रावणभर उभा होता. कॅलिपर लावला तर जाडी ३.१५ च्या पुढे गेलेली. खाच मात्र बरोबर ३ ची. दीड दशांश मिलिमीटरने माझी झोप खाल्ली. पहाटे चारला मखर उभं राहिलं. थोडं तिरकं होतं, पण फुलांच्या माळांनी झाकलं.

हे तुम्हाला सांगायचं कारण वेगळं आहे. तुमच्याही फोनवर हल्ली त्या रील्स येत असतील. 'लेझर मशीन घ्या, घरबसल्या कमवा', 'छोटं व्हिनाइल कटर, मोठा धंदा'. एका बाजूला मशीन सुळसुळ चालतंय, दुसऱ्या बाजूला कीचेनचा ढीग आणि खाली नोटांचे इमोजी. माझ्या ओळखीतल्या एकाने ते बघून कर्ज काढलं आणि मशीन आणलं. आज ते खाऱ्या हवेत प्लास्टिकखाली झाकून ठेवलेलं आहे, हप्ते चालू आहेत. त्याला मशीन चालवता येत नाही असं नाही. काय कापायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. या दोन मशीन जरूर शिका, पण विकत घेऊन नाही आणि कीचेन करून तर नाहीच. पहिल्या दिवसापासून अशी वस्तू करा, जिची तुमच्या गावात कुणीतरी वाट बघतंय. आजी दर दहा मिनिटांनी येऊन उभी राहते, तेव्हा जे शिकतो ते कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

सुरुवात 'रेडियम'वाल्यापासून

व्हिनाइल कटर हे नाव नवीन वाटेल, पण काम तुम्ही लहानपणापासून बघताय. गाडीच्या मागे 'आई-बाबांचा आशीर्वाद' चिकटवणारा, रिक्षाच्या काचेवर नाव टाकणारा तो रेडियमवाला. त्याच्या चिकटपट्टीत रेडियम अजिबात नसतं. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावायचे, त्यावरून चमकणाऱ्या सगळ्यालाच आपण रेडियम म्हणायला लागलो. आजच्या चमकणाऱ्या पट्टीत काचेचे बारीक मणी असतात, ते गाडीच्या दिव्याचा प्रकाश परत फेकतात. आणि साधा रंगीत स्टिकर म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म, खाली गोंद, त्याखाली कागद.

मशीन दिसायला प्रिंटरसारखं, पण शाईच्या जागी तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान टोकाचं पातं. सगळी मेख त्या पात्यात आहे. त्याने वरची फिल्म कापायची, खालचा कागद नाही. दाब कमी पडला तर अक्षर सुटत नाही, जास्त झाला तर कागदासकट तुकडा हातात. म्हणून खरं काम सुरू करण्याआधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघायचा. तो नखाने अलगद सुटला आणि कागदावर नुसती पुसट रेघ राहिली, की दाब बरोबर. मग नको असलेला भाग चिमट्याने सोलायचा, उरलेल्या अक्षरांवर चिकट ट्रान्सफर टेप लावून अख्खा शब्द एकदम उचलायचा आणि काचेवर बसवायचा. काचेवर आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारा. स्टिकर सरकवता येतो, आणि बुडबुडे पट्टीने बाहेर ढकलता येतात. काचेच्या आतल्या बाजूने लावायचा असेल, तर डिझाइन आरशात दिसतं तसं उलटं कापायचं. टी-शर्टवर इस्त्रीने लावायच्या फिल्मचंही तसंच. हे विसरून उलटं नाव छापलेले टी-शर्ट घातलेलं एक मंडळ मी स्वतः पाहिलंय, म्हणजे ते टी-शर्ट मीच केले होते!

आता मराठीची गंमत. नवशिक्याची पहिली ठेच इथेच लागते. स्क्रीनवर 'घरगुती भोजन' छान अखंड दिसतं. कटरला दिलं, की तो प्रत्येक अक्षर सुटं समजतो. एका अक्षराची शिरोरेघ दुसऱ्यावर थोडी चढलेली असते, मशीन त्या जोडावरही पातं फिरवतं, आणि तुमच्या अक्षरांच्या डोक्याचे तुकडे होतात. उपाय सोपा आहे. कापायला देण्याआधी शब्दातली सगळी अक्षरं एकमेकांत विरघळवून एकच आकार करायचा. कोरल ड्रॉमध्ये त्याला वेल्ड म्हणतात, इंकस्केपमध्ये युनियन. इंकस्केप फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. इंग्रजीतून शिकवणाऱ्या व्हिडिओत शिरोरेघेचा विषय सहसा येत नाही, कारण त्यांच्या अक्षरांना शिरोरेघच नाही.

पण हीच शिरोरेघ लेझरवर आपल्या बाजूने उभी राहते. प्लायमधून इंग्रजी नाव कापलंत, तर प्रत्येक अक्षर वेगळं पडतं, मग ते ओळीत चिकटवत बसा. 'हरिहरेश्वर' कापा, अख्खा शब्द एका तुकड्यात हातात येतो. वेलांटी, मात्रा, श्व, सगळं त्या एका रेघेला लटकलेलं. 'मुरुंड' लिहिलंत तर अनुस्वाराचा ठिपका तेवढा सुटा पडतो, त्याला बारीक दांडी द्यावी लागते. स्टेन्सिल करताना उलटं होतं. 'व' किंवा 'ब' च्या पोटातला तुकडाच गळून पडतो, तिथे पूल ठेवावा लागतो. अक्षर असं हातात घेऊन बघायची वेळ शाळेत कधी आली होती?

गावात अजून कुणी हाताने बोर्ड रंगवणारे पेंटरकाका असतील, तर एक दिवस त्यांच्याजवळ बसा. दोन अक्षरांत किती जागा सोडायची, लांबून वाचायचं तर रेघ किती जाड हवी, हे त्यांच्या डोळ्यांत असतं. मशीन रेघ अचूक मारतं. रेघ कुठे मारायची ते मात्र तुम्हीच सांगायचं.

लेझर : दिसत नाही तेच भाजतं

प्लाय, एमडीएफ, ॲक्रिलिक, पुठ्ठा, चामडं कापणारं जे मशीन दुकानात दिसतं, ते बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड लेझर असतं. त्याचा किरण डोळ्याला दिसत नाही. आरशांवरून वळत तो भिंगातून एका बिंदूवर गोळा होतो आणि तिथला पदार्थ जाळून, वितळवून, वाफ करून टाकतो. सावकाश आणि जोरात फिरवला तर आरपार कापतो, भरभर आणि हलका फिरवला तर वरवर कोरतो. घरी घेण्याजोगे छोटे निळ्या प्रकाशाचे लेझर वेगळे. ते पारदर्शक ॲक्रिलिक कापू शकत नाहीत, कारण निळा प्रकाश त्यातून सरळ पार होतो. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

आता एक नियम, जो मी अगदी ठासून सांगणार आहे. कटरवर जे कापता, ते लेझरमध्ये कधीही घालायचं नाही. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना जाळतो आणि ओलाव्याशी मिळून मशीनचं लोखंड खातो. फ्लेक्स पीव्हीसी, बरंचसं रेक्झिनही पीव्हीसी. 'चामड्यासारखं दिसतंय, टाकून बघू' असं नको. पदार्थाचं नाव माहीत नसेल, तर कापायचं नाही. दुसरा नियम, मशीन चालू असताना 'जरा चहा घेऊन येते' करायचं नाही. लाकूड आणि ॲक्रिलिक पेट घेऊ शकतं. धूर बाहेर काढणारा पंखा, आग विझवायची सोय आणि समोर बसलेला माणूस, हे तीनही असल्याशिवाय बटण दाबू नका.

आणि मग माझ्या मखराचा धडा. किरण कापताना थोडा पदार्थ खाऊन टाकतो, करवतीचा भुसा पडतो तसा. या खाल्लेल्या रुंदीला कर्फ म्हणतात. ती मोजायची पद्धत अगदी गावठी आहे. १०० मिलिमीटरची पट्टी काढा, तिचे दहा समान तुकडे कापा, ते एकमेकांना चिकटवून मोजा. ९८ भरले, तर २ मिलिमीटर दहा कापांत गेले, म्हणजे एका कापाला ०.२. मग ३ मिलिमीटरच्या फळ्यासाठी खाच २.८ ची काढायची, किरण उरलेली ०.२ खातो आणि खाच बरोबर ३ ची होते. हे मी केलं होतं हो! दुकानदार 'तीनचा फळा' म्हणाला, तरी मी कॅलिपरने मोजला होता. फक्त पुण्यात मोजला आणि हरिहरेश्वरात बसवला. दुसऱ्या वर्षी फळ्याच्या कडांना आणि पाठीला आधी वॉर्निश मारलं, खाचा थोड्या सैल ठेवल्या, खाचेच्या तोंडाचे कोपरे तिरके छाटले. मखर दहा मिनिटांत उभं. आजी काही बोलली नाही, नुसती निरांजन घेऊन आली.

मखराचंच उदाहरण घेतलं, कारण ती खरी गरज आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, आणि कोकणातल्या घराघरांत प्रश्न पडला की आता मखराचं काय. पुठ्ठ्याची, लाकडाची, घडीची मखरं शहरातून यायला लागली. ती आपल्या गावात का नाही होऊ शकत? आपल्या देवघराच्या कोनाड्याचं माप शहरातल्या कारखान्याला कुठून कळणार?

पाबळने हे आधीच करून दाखवलंय

तुम्ही म्हणाल, खेड्यात कसलं लेझर न् काय. तर ऐका. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवायचं, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असायला हवं, ही त्यांची रीत. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती. मुलांनी केलेल्या कामाचे गावाने पैसे द्यायचे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्रा. नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये 'जवळपास काहीही कसं बनवावं' अशा अर्थाच्या नावाचा कोर्स सुरू केला. त्यातून फॅब लॅबची कल्पना निघाली, म्हणजे लेझर, व्हिनाइल कटर अशी मोजकी मशीन असलेली, सगळ्यांना खुली कार्यशाळा. त्या संस्थेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये कुठे उभी राहिली? पाबळला. मुंबईत नाही, बंगळुरूत नाही. कारण ज्या गावात मुलं आधीच लोकांसाठी वस्तू बनवत होती, तिथे नव्या मशीनला पहिल्या दिवसापासून काम होतं.

या फॅब लॅबच्या जगात फॅब अकॅडमी नावाचा कोर्स चालतो. त्यातला एक आठवडा फक्त या दोन मशीनचा असतो. व्हिनाइल कटरवर काहीतरी कापा, आणि लेझरवर खाचेत खाच बसणारा, वेगवेगळ्या तऱ्हेने जोडता येणारा संच करा, कर्फ मोजून, जाडी बदलली की सगळी मापं आपोआप बदलतील असं डिझाइन करून. म्हणजे थोडक्यात माझं मखर. आकडे हाताने न टाकता 'जाडी' हे एकच माप बदलता येईल असं मी ते काढलं असतं, तर पडवीत रात्र काढावी लागली नसती.

'पण...'

पहिला 'पण' माझ्या काकांचा. "नवशिक्याने लोकांच्या कामावर हात साफ करायचा म्हणजे लोकांचं नुकसानच ना?" बरोबर आहे. म्हणून पहिलं काम घरचं घ्या, दुसरं शेजारचं. आधी पुठ्ठ्यावर कापा, फळा नंतर. बिघडलं तर मालाचा खर्च तुमचा, हे आधीच ठरवा. पण काम खरं असू द्या. कीचेन वाकडी झाली तर ती आपण खणात टाकतो. होमस्टेच्या बोर्डावरचा फोन नंबर चुकला, तर पाहुणा दुसऱ्याच घरी जातो.

दुसरा 'पण' तुमचा असेल. "मशीन न घेता शिकायचं कुठे?" पुण्यात, मुंबईत मिनिटाच्या दराने लेझर कापून देणारी दुकानं आहेत. फाइल तुमची, मशीन त्यांचं. शेजारी उभं राहून बघायची परवानगी मागा, बरेच जण देतात. शिकायला गावाबाहेर असाल, तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काय धूळ खातंय ते विचारा. आणि तालुक्यातल्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर तिथे जा. २०१६ पासूनच्या या योजनेत एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. अशी लॅब शाळा सुटल्यावर गावातल्या मुलामुलींना उघडी राहिली पाहिजे, अशी मागणी आपण ग्रामसभेत का करू नये? शंभर मुलांनी वापरून झिजलेलं मशीन कुलपातल्या नव्या मशीनपेक्षा बरं.

रेडियमवाल्याचीही गोष्ट यात आहे. नव्या गाड्यांना २०१९ पासून ठोकून उठवलेल्या अक्षरांची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आली, जुन्या गाड्यांनाही ती लागू झाली. त्याचं नंबर टाकायचं नेहमीचं काम गेलं. त्याच्याकडे कटर आहे, हात आहे. तुमच्याकडे डिझाइन करायला वेळ आणि लॅपटॉप आहे. शेजारी शेजारी बसलात तर दोघांचंही भलं होईल.

गावाला काय हवंय?

शेवटी मी हल्ली काय करतेय ते सांगते. हरिहरेश्वरला येणारा प्रत्येक पाहुणा आम्हाला एकच विचारतो, "प्रदक्षिणेला कधी जाता येईल?" देवळामागून दोन खडकांमधल्या पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या खडकांवरून जाणारी ती वाट ओहोटीलाच चालता येते. भरतीला तिथे लाटा चढतात, आणि या किनाऱ्यावर पर्यटकांचे जीव गेलेले आहेत. जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीचा आकडा पाऊणपट करायचा आणि तेवढे तास बाराच्या पुढे मोजायचे. चतुर्थीला ३ च्या सुमारास भरती, अष्टमीला ६ च्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

मी प्लायची एक तबकडी कापली. कडेने पंधरा तिथी कोरल्या, आत भरती-ओहोटीच्या वेळा, मधे फिरणारा काटा. खाली लाल व्हिनाइलमध्ये एक ओळ चिकटवली : 'हा ढोबळ अंदाज आहे. वाटेवर उतरण्याआधी गावात विचारा.' अधिकृत वेळापत्रक शेजारी लावलंय ते वेगळंच. पहिल्या तबकडीवर 'पौर्णिमा' चा रफार इतका बारीक कोरला गेला, की तो जळूनच गेला. दुसरी बरी झाली, पडवीत टांगलीय. शेजारच्या होमस्टेच्या आत्या परवा येऊन म्हणाल्या, "मला एक दे गो, पण अक्षरं मोठी कर. आमच्याकडे म्हातारे पाहुणे येतात." हे वाक्य मला कुठल्या रीलमधून मिळालं असतं?

तुमच्या गावात अशी कुठली गोष्ट आहे, जी रोज दहा जण विचारतात आणि जिचं उत्तर भिंतीवर नाही? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात उडालेला एखादा बोर्ड अजून परत लागला नसेल. शाळेच्या वाचनालयात कपाटांवर विषयांची नावं नसतील. एसटीच्या थांब्यावर वेळा पुसल्या गेल्या असतील. त्यातली एक निवडा, पुठ्ठ्यावर कापून बघा आणि ज्याला हवी आहे त्याच्या हातात द्या. तो जे काही बोलेल, ते लिहून घ्या.

मशीनचं नंतर बघू.